पाच ते सात ही वेळ कुणाची?



मुलींनी खेळाचा सराव सकाळी करावा की संध्याकाळी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. जिला जेव्हा सवड मिळेल तेव्हा तिने खेळावे, त्यात लिहिण्यासारखे काय, असे कुणीही म्हणेल. पण आमच्या पावण्याच्या वस्तीत या एका प्रश्नावरून घराघरांत बोलाचाली झाली, दोन घरांत अबोला धरला गेला आणि बास्केटबॉल चांगला खेळणाऱ्या दोन मुली खेळातून गळाल्या. म्हणून आम्ही तो मुळापासून समजून घ्यायचे ठरवले. डॉक्टरांना विचारले, खेळ शिकवणाऱ्यांना विचारले, मिळेल ते वाचले आणि ज्यांचा हा खेळ, त्या पोरींनाही विचारले.

पावणे हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे जुने गाव. १९६० नंतर एमआयडीसीने या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या, कारखाने उभे राहिले आणि दुष्काळाने हाकललेली आपली माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून इकडे आली. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत, दगडखाणींच्या आणि कारखान्यांच्या आसपास त्यांनी झोपड्या टाकल्या. इथला दिवस सूर्यावर चालत नाही, पाळीवर चालतो. पहिली पाळी सातला, दुसरी तीनला, तिसरी रात्री अकराला. ज्या घरात बाप दुसऱ्या पाळीला आहे त्या घरात रात्रीचे जेवण बारा वाजता होते आणि पोरांची झोपही त्यानंतरच लागते. एकाच खोलीत दिवा कुणासाठी चालू आणि कुणासाठी बंद ठेवायचा?

अशा घरांतल्या सात मुली आठवी ते दहावीच्या वर्गांतून शाळेच्या बास्केटबॉल संघात गेल्या. आपल्या समाजात मुलींचा खेळ म्हटला की कबड्डी आणि खो-खो. बास्केटबॉल हा इंग्रजी शाळेतल्या उंच मुलींचा खेळ अशी समजूत. खरे पाहता १८९१ साली अमेरिकेत नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने फळांच्या टोपल्या उंच टांगून तो सुरू केला, त्याला फक्त एक चेंडू आणि एक रिंग लागते. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान तलावाच्या मैदानावर साध्या घरांतल्या पोरांनी तो केव्हाच आपलासा केला. पुण्याची शिरीन लिमये तर भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. तेव्हा आमच्या पोरींनी हातात चेंडू घेतला यात नवल काही नव्हते.

अडचण आली ती वेळेची. शाळा दुपारची, म्हणून सराव सकाळी साडेसहाला ठेवला गेला. वस्तीत नळाला पाणी पहाटे पाचला येते. म्हणजे पोरीने साडेचारला उठायचे, हंडे-बादल्या भरायच्या आणि तशीच मैदानावर जायचे. रात्री झोपली केव्हा, तर साडेअकराला. अशा पोरी सकाळी पळताना अडखळत, हातातून चेंडू सुटे. एकीचे आम्ही मुद्दाम मोजले होते. सकाळी तिचे दहापैकी तीन-चार फ्री थ्रो पडत. तीच मुलगी शाळा सुटल्यावर सहज सहा-सात टाकी. शिकवणाऱ्यांनी शेरा मारला, "या वस्तीतल्या मुली आळशी आहेत."

हा शब्द आमच्या जिव्हारी लागला. आपल्या माणसांना आळशी म्हणण्याची पद्धत या देशात जुनी आहे, आणि ती म्हणणाऱ्यांच्या घरचे पाणी बहुधा आपल्याच माणसांनी भरलेले असते. ते असो. मुद्दा असा, की त्या मुली आळशी नव्हत्या. त्यांच्या शरीराचे घड्याळ त्या वेळी पहाट दाखवत होते.

माणसाच्या शरीरात खरोखरच घड्याळ असते. फळांवर बसणाऱ्या चिलटांच्या पेशींत ते कसे चालते हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. ज्याने तिसरी पाळी केली आहे त्याला हे शिकवायला शास्त्रज्ञाची गरज नाही. पहाटे चारला भट्टीजवळ उभे असलो तरी अंगाला गारठा जाणवतो, हात जड होतात, साधा नट बसवताना दोनदा चुकतो. कारण त्या वेळी शरीराचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते. सकाळपासून ते चढत जाते आणि संध्याकाळी पाच ते सातच्या सुमारास सर्वांत वर पोहोचते. फरक जेमतेम अर्धा ते एक अंश सेल्सियसचा. पण तेवढ्याने स्नायू सैल होतात, नसांमधून निरोप लवकर जातो, सांधे मोकळे होतात. उडी, झेप, पकडीची ताकद ही बहुतेकांची सकाळपेक्षा संध्याकाळी चांगली असते, हे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. एखादी मुलगी ४० सेंटिमीटर उंच उडत असेल आणि तिच्या उडीत पाच टक्के फरक पडला, तर तो होतो दोन सेंटिमीटर. रिंगवर आपटून परतणाऱ्या चेंडूसाठी दोघी एकदम उडतात तेव्हा तेवढ्याच अंतराने तो एकीच्या हाती लागतो.

अथेन्स, बीजिंग, लंडन आणि रिओ या चार ऑलिम्पिकमधल्या पोहण्याच्या शर्यतींचा हिशेब काही संशोधकांनी २०२० साली मांडला. संध्याकाळी पाचच्या सुमारास पोहणारे सर्वांत वेगवान ठरतात असे त्यांना आढळले. फरक अगदी थोडा. पण दर दहा अंतिम शर्यतींपैकी चारांमध्ये तो सुवर्ण आणि रौप्य यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठा होता. आणि गंमत पहा. २००८ साली बीजिंगमध्ये पोहण्याच्या अंतिम शर्यती सकाळी घेतल्या गेल्या, कारण त्या वेळी अमेरिकेत संध्याकाळ असते आणि तिथल्या दूरदर्शन कंपनीला प्रेक्षक हवे होते. खेळाडूच्या शरीराला कोणती वेळ सोयीची, हे पैशापुढे कुणी विचारत नाही. तिथे दूरदर्शनने वेळ ठरवली, इथे नळाने.

त्यातही वयाचा एक भाग आहे. तेरा-चौदाव्या वर्षापासून मुलांचे हे घड्याळ निसर्गतःच पुढे सरकते. रात्री झोप उशिरा लागते, सकाळी जाग उशिरा येते. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सांगितले, की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे राज्य शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. चांगले केले. पण झोपेची खरी ओढाताण आठवी-नववीच्या मुलींची असते आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोलले नाही.

झोपेचे मोल काय, याचा एक दाखला बास्केटबॉलचाच आहे. २०११ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज रात्री दहा तास अंथरुणात पडून राहायला सांगितले. सराव वाढवला नाही, फक्त झोप वाढवली. त्यांचे फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले. ते सगळे मुलगे होते. खेळावरचे बरेचसे संशोधन आजवर मुलग्यांवरच झाले आहे. पण झोप कुणाला नको असते? पाच तास झोपून मैदानावर येणाऱ्या आमच्या पोरीला दहा तासांचे सांगणे म्हणजे चेष्टा वाटेल. सात-साडेसात तास तरी मिळावेत एवढे घरातल्यांच्या हातात आहे. त्यासाठी रात्रीची मालिका बंद करावी लागते, आणि हे वाक्य आमच्या वस्तीत कुणालाच आवडले नाही.

मग सराव संध्याकाळी करा, मिटला प्रश्न, असे वाचक म्हणतील. आम्हीही तेच म्हटले. शिकवणारे तयार झाले; शाळा सुटल्यावर सव्वापाच ते पावणेसात अशी वेळ ठरली. आणि खरी अडचण तेव्हाच सुरू झाली. कारण पाच ते सात ही वेळ आपल्या घरांतल्या मुलीची कधीच नसते. आई कंपनीतून किंवा वाशीच्या धुण्याभांड्याच्या कामांतून सहा-साडेसहाला दमून येते. तोवर कणीक मळलेली असावी, धाकट्याला खायला दिलेले असावे, संध्याकाळचे पाणी भरलेले असावे. हे सगळे कोण करते? दहावीतला भाऊ त्या वेळी क्रिकेट खेळत असतो. त्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तुझ्या शरीराचे तापमान आत्ता चढलेले आहे का. भारत सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले. दिवसातले तीन तास एकवीस मिनिटे जास्त. मुलीचा खेळ त्या तीन तासांत अडकलेला आहे.

दुसरी अडचण अंधाराची. एका आजींनी स्पष्टच सांगितले, "पोरीच्या जातीनं दिवेलागणीला घरात असावं." आम्ही त्यांना उलट बोललो नाही, त्या वडीलधाऱ्या आहेत. पण मनात आले, १९५६ साली नागपुरात आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, देव्हारे सोडले. मग दिवेलागणीचा हा नियम कोणत्या गाठोड्यातून आपल्याबरोबर आला? तरी आजींची भीती खोटी नाही. एमआयडीसीतल्या रस्त्यावर संध्याकाळी कंटेनर आणि ट्रेलरची रांग असते, मध्ये दोन ठिकाणी दिवा नाही, कंपन्यांच्या भिंतींच्या कडेने चालावे लागते. थंडीच्या दिवसांत हवा जड होऊन खाली बसते आणि पहाटे व रात्री रसायनांचा उग्र वास येतो. त्या मानाने संध्याकाळी पाचला हवा बरी असते. म्हणजे श्वासासाठी चांगली वेळही तीच, आणि घरच्यांना भीतीची वेळही त्याला लागूनच.

या बोलण्यांत एका काकांनी विचारले, की पोट भरण्याची मारामार असताना खेळायला वेळ मागणे ही चैन नाही का? त्यांना आम्ही बाबासाहेबांचीच आठवण दिली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती मांडली आणि बारमाही कारखान्यांतल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराच्या आयुष्यातले आठवड्याचे सहा तास त्यांनी मालकाच्या घड्याळातून काढून त्याच्या हातात दिले. त्याच्या आदल्या वर्षी, १९४५ साली, गांधीवादावर टीका करताना त्यांनी लिहिले होते, की माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय त्याचे जगणे जनावरापेक्षा वेगळे होत नाही आणि यंत्रे हवीत ती त्या फुरसतीसाठी. हा त्यांच्या म्हणण्याचा आशय, शब्द आमचे. मग तीच फुरसत घरात येते तेव्हा ती फक्त बापाची आणि भावाची कशी काय होते? काका काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात त्यांच्याच नातीने नवे बूट आणले.

संध्याकाळची वेळ मिळाली नाही तर मुलींनी खेळणे सोडावे का? मुळीच नाही. शरीर सवयीने पुष्कळ शिकते. जो रोज सकाळी सराव करतो त्याचे सकाळचे उणेपण काही आठवड्यांत बरेच भरून निघते, असे अभ्यास सांगतात. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत धावली. तिथली प्राथमिक शर्यत आणि अंतिम शर्यत दोन्ही सकाळी झाल्या. प्राथमिक शर्यतीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो २०२३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. दुष्काळी गावची मुलगी आणि वेळ सकाळची, तरी अंतिम शर्यतीत ती दहावी आली. तेव्हा सकाळच वाट्याला आली तर घाबरू नये. फक्त सकाळी अंग तापवायला दुप्पट वेळ द्यावा. आल्या आल्या उड्या मारायला लावू नये. आधी वीस-पंचवीस मिनिटे हळू धावणे, हातपाय मोकळे करणे, अंगात जुना स्वेटर असला तरी चालेल. आणि जमल्यास सामना ज्या वेळेला असेल त्याच वेळेला आधीचे दोन-तीन आठवडे सराव करावा. सर्वच मुली सारख्या नसतात हेही ध्यानात ठेवावे. सातांपैकी एक मुलगी सकाळीच उत्तम खेळते. ती जन्माचीच पहाटे उठणारी आहे.

उपाशीपोटी मात्र कुणीही जाऊ नये. नुसता चहा पिऊन पळणाऱ्या पोरी चक्कर येऊन बसतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अशा मुलीला कोणतीही वेळ चांगली नाही. तिला आधी रक्त हवे. शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मूठभर भिजवलेले हरभरे, केळे, एवढे तरी पोटात असावे. पालेभाजीवर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते वाया जाते.

आमच्या घरांत 'पाळी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि पहिल्याबद्दल जेवढे मोकळे बोलतो तेवढे दुसऱ्याबद्दल बोलत नाही. मासिक पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मुलीचे तापमान थोडे चढलेले राहते आणि सकाळ-संध्याकाळचा फरक कमी होतो. त्यामुळे एकाच मुलीचा खेळ महिन्यातल्या वेगवेगळ्या आठवड्यांत वेगळा दिसू शकतो. त्यात नखरा नाही, नाटक नाही. त्या दिवसांत खेळावेसे वाटले तर तिने खेळावे, पोट दुखत असेल तर बसावे. तिचे तिने ठरवावे. 'विटाळ' या शब्दाने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले होते. तो शब्द आपल्या एखाद्या घरात लेकीला लावला जातो तेव्हा आम्हाला फार वाईट वाटते.

दुपारच्या सामन्यांबद्दल एक सांगायचे आहे. स्पर्धा भरवणारे मैदान मिळेल तेव्हा सामने लावतात, मग मार्च-एप्रिलात पोरी भर उन्हात सिमेंटच्या कोर्टवर पळतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला आलेल्या श्रीसेवकांपैकी चौदा जणांचा उन्हाने जीव गेला. ती माणसे नुसती बसलेली होती. खेळणाऱ्या मुलीच्या अंगात तर आतूनही उष्णता तयार होत असते. अशा वेळी सामना नको म्हणणे हा पालकांचा हक्क आहे. म्हणणाऱ्याला भित्रा समजू नये.

याउलट काही घरे उत्साहाने दुसऱ्या टोकाला गेली. एक बाप मुलीला सकाळीही पाठवू लागला आणि संध्याकाळीही. तिचे गुडघे सुजले. तेव्हा विहारात भन्तेजींनी सोणाची गोष्ट सांगितली. सोण हा श्रीमंताचा मुलगा भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त येऊ लागले. तथागतांनी त्याला विचारले, तू घरी वीणा वाजवत होतास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? आणि फार ढिली सोडली तर? गोष्ट सर्वांना ठाऊक होती, पण गुडघ्याला पट्टी बांधून पुढे बसलेल्या मुलीकडे पाहून ती त्या दिवशी नव्याने ऐकल्यासारखी वाटली.

सध्या मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी संध्याकाळी सराव होतो. त्या दिवशी पाणी भावांनी भरायचे असे चार घरांत ठरले आहे. तीन घरांत ते पाळले जाते. पहिल्या पाळीहून परतलेले दोन बाप आणि एक मावशी आळीपाळीने पोरींना आणायला जातात. वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन साडेसातला सुरू होत असे. महिला मंडळाने ते साडेआठला नेले, म्हणजे मुली घरी जाऊन हातपाय धुऊन, जेवून येऊ शकतात. तीन महिन्यांपूर्वी सकाळी तीन-चार फ्री थ्रो टाकणारी ती मुलगी आता तशी चुकत नाही, आणि तिला कुणी आळशी म्हणत नाही.

गळालेल्या दोघींपैकी एक परत आली आहे. दुसरी आलेली नाही. तिची आई संध्याकाळी वाशीला चार घरांच्या स्वयंपाकाला जाते आणि धाकट्या दोघांना सांभाळायला घरात दुसरे कुणी नाही. त्या दोन लेकरांना सराव असलेल्या तीन दिवशी कोण घेऊन बसेल, यावर येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात बोलणे ठेवले आहे.